विसळलेल्या वाट्या

नवा डिशवॉशर भांडी नीट धूत नव्हता. धुऊन निघालेल्या वाट्यांच्या कडेला वरणाची पिवळी रेघ तशीच असायची. मी यंत्राला नावं ठेवत होते, तोवर माझ्या लेकीने आजीला सिंकपाशी पकडलं. आई एकेक वाटी नळाखाली विसळून मगच आत लावत होती, तीही एकात एक बसवून.

"आजी, विसळू नकोस. खरकटं तेवढं काढून टाक. यंत्र पाणी किती गढूळ झालंय ते बघतं. पाणी स्वच्छ दिसलं की त्याला वाटतं, फार काही धुवायचं नाही. मग ते वरवर धुऊन मोकळं होतं."

"अगं, पण इतकी खरकटी भांडी ठेवायची त्याच्यापुढे? बरं दिसतं का?"

लेक हसली. मी मात्र त्या 'बरं दिसतं का'पाशी अडकले. भांड्याला बाई यायच्या तेव्हाही आई सगळं विसळूनच मोरीत ठेवायची. आपलं खरकटं दुसऱ्याला दिसू नये, ही तिची रीत. ती भांड्यांपुरतीच असेल का?

वाट्या सुट्या करून, पाण्याच्या बाजूला तोंड करून लावता लावता मी विचारलं, "गुडघा कसा आहे गं?"

"बरा आहे."

हेही विसळूनच दिलेलं. एरवी मीही तेवढ्यावर मोकळी झाले असते. आज हातातली वाटी खाली ठेवली आणि तिच्याजवळ स्टूल ओढून बसले.

आईने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "जिना उतरताना रडू येतं."