मिलीमीटर भावजींचा एक शब्द

आमचे भावजी औषधाच्या बाटल्यांवरच्या लेबलांची मांडणी करतात. सव्वीस वर्षं तेच. ज्या माणसाने जन्मभर 'वापरण्यापूर्वी हलवा' हे शब्द बाटलीच्या बरोबर मधोमध बसवले, त्याला आपण कलावंत आहोत असं वाटायला लागलं तर नवल नाही. त्यांना सगळे मिलीमीटर म्हणतात आणि त्यांना तो चक्क मान वाटतो.

ताई मुलांना पियानो शिकवते. पन्नाशीला येऊन तिने वाद्यवृंदासाठी पहिली रचना केली, आठ मिनिटांची. त्याच वाद्यवृंदात मी व्हायोलिन वाजवते, म्हणून संचालकांच्या हात धुऊन मागे लागून मी एका रविवारची तालीम मिळवली. एकदा वाजवून बघायची, जमली तर वार्षिक कार्यक्रमात घ्यायची, नाहीतर विषय संपला.

ताईने सगळं पेन्सिलीने लिहिलं होतं. कॉम्प्युटरवर उतरवायचं काम भावजींनी अंगावर घेतलं. सूर तीन दिवसांत भरून झाले. पुढचे तीन आठवडे गेले एका शब्दावर. रचनेच्या मध्यावर सगळी वाद्यं धावत येतात आणि लय एकदम निम्म्यावर उतरते. तिथे ताईने लिहिलं होतं, 'सावकाश'. तो कोणत्या फाँटमध्ये, किती ठळक, ओळीच्या किती वर, या खलात त्या घरात रोज जेवणं गार झाली.

"झालं का हो?" ताई विचारायची.

"थांब. 'श' जरा अंगावर येतोय," भावजी डोळे बारीक करून म्हणायचे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये लयीच्या सूचनेसाठी वेगळी सोय असते. तिथे शब्द टाकला की तो प्रत्येक वाजवणाऱ्याच्या पानावर आपोआप जातो. पण त्या सोयीत भावजींना हवं तेवढं अंतर मिळेना. मग या महाभागाने तो साध्या मजकुरासारखा सगळ्यात वरच्या ओळीला चिकटवला. वरची ओळ बासरीची. संचालकांच्या मोठ्या प्रतीवर, म्हणजे स्कोअरवर, दिसायला अगदी देखणा. बाकी एकवीस जणांच्या पानांवर मात्र त्या जागी काहीच नाही! ती पानं भावजींनी उघडूनही पाहिली नाहीत, थेट छापून आणली.

रविवारी व्हायचं तेच झालं. मध्यावर बासरीवाली एकटी मंदावली, संचालकांचा हात मंदावला, आणि आम्ही बाकीचे पानांत डोकं घालून बेफाम पुढे. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या पानावर इथे काहीच लिहिलेलं नाही!" मी ओरडले.

"स्कोअरवर आहे की," भावजी मागच्या खुर्चीवरून म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

संचालकांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं सुट्टी. दुरुस्त करा. आणखी एकदाच वाजवू."

ताई पेन्सिल घेऊन एका टोकाने सुटली, मी दुसऱ्या. घाईत अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय, मांजराचे पाय. पण सात मिनिटांत झाडून सगळ्या पानांवर शब्द चढला. ताई भिंतीला टेकून उभी राहिली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

पुन्हा वाजवायला घेतलं. बासरी मंदावली, व्हायोलिनं मंदावली, आणि दोघे चेलोवाले सुसाट. संचालकांनी छडी खाली ठेवली.

"राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

मी तरातरा चेलोच्या स्टँडपाशी गेले. ताईचा शब्द रबराने पुसलेला होता. त्या जागी पट्टीने आखलेली बारीक रेघ, आणि तिच्याखाली छापल्यासारखं एकच अक्षर. 'सा'. भावजी शेजारीच उभे, पट्टी हातात.

"फार वाकडं दिसत होतं गं," ते म्हणाले. "आणखी दोन मिनिटं मिळाली असती, तर..."

ताईने ते पान स्टँडवरून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"वर्ष मिळालंय आता तुम्हाला," ती म्हणाली. "घ्या सरळ करून."

भावजींनी खरोखरच पान डोळ्यांजवळ धरलं.