पेजवाल्या बाई

आमच्या शाळेतल्या पेजवाल्या बाई मुलांची नावं नेहमी विसरत, पण सकाळी कोण काय खाऊन आलं हे तोंडाकडे पाहून सांगत. शाळेत पाणी भरायचं आणि वर्ग झाडायचा, एवढंच त्यांचं काम. तरी मी दारात दिसले की म्हणत, "आज रातची बासीबी नव्हती वाट्टे घरी. बस इथी." त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. आम्ही नदीवर मासे धरणारी माणसं, आमची चूल रोज पेटतच असे असं नाही.

सावली गावापलीकडच्या आमच्या गावाला तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, सरकारी दुधाची पावडर येऊ लागली. प्रत्येक मुलाने गुरुजींसमोर कपभर दूध प्यायचं, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, असा हुकूम होता. पावडर हॉटेलात विकली जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण आम्हाला दुधाची सवय नव्हती. कुणाचं पोट बिघडे, कुणी ओकत असे. टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, गोंडांच्या घरी तर गाईची धारच काढत नसत. दूध वासराचं, असं ते मानत. तिथल्या एका मुलाने विचारलं, "याचं वासरू कुठी हाय?" बाई म्हणाल्या, "मले नाई माहीत, बापा." त्यांनी खोटं सांगितलं नाही.

आम्ही कप कुंपणाशी ओतून येत होतो आणि गुरुजी वहीत सगळ्यांनी दूध घेतल्याचं लिहीत होते. बाई एकदा त्यांना म्हणाल्या, "तुमची वही दूध पिऊन राह्यली, गुरुजी. पोरं नाई पिऊन राह्यले. पेजीत टाकून देऊ का?"

गुरुजी घाबरट होते, पण वाईट नव्हते. त्यांनी तोंड फिरवलं, तीच बाईंनी परवानगी समजली. त्या तांदळाच्या कणीची पेज शिजवू लागल्या. एका हांडीतल्या पेजेत पावडर आणि मीठ, दुसरी हांडी बिनदुधाची. "कोन्या हांडीत काय हाय ते सांगतलं. ज्याले जे पाहिजे ते घ्या," एवढंच त्या म्हणत. महिनाभरात टोल्यावरची दोन मुलंही आपणहून पहिल्या हांडीकडे आली. माझ्या पायांना बळ आलं. दुपारच्या वर्गात डोळे मिटेनासे झाले. माझं शिक्षण खरं तिथे सुरू झालं, असं मला वाटतं.

मग तपासणीचे साहेब आले. दोन हांड्या पाहून त्यांनी विचारलं, "दुसऱ्या हांडीवरच्या मुलांना दूध नाही, तर त्यांची पावडर कुठे जाते?"

बाई म्हणाल्या, "पहिल्या हांडीतच जाते, साहेब. चाखून पाहा."

"हे कुणाच्या परवानगीने?"

 गुरुजींच्या घरी पाच लेकरं होती. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "गुरुजीले काई माहीत नाई," त्या म्हणाल्या. "मीच केलं."

साहेबांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. बाई कुरखेड्याला लेकीकडे निघून गेल्या. आम्ही पुन्हा कप घेऊन कुंपणाशी जाऊ लागलो.

दोनेक वर्षांनी नवा हुकूम आला. पावडर तिथल्या तिथल्या खाण्यात मिसळून द्यायला आता हरकत नव्हती. गुरुजींनी तो वर्गात वाचला. त्या रविवारी सायकल घेऊन ते कुरखेड्याला बाईंना बोलवायला गेले, आणि एकटेच परत आले.

"लेक बाळंतीण आहे, येता येत नाही म्हणाल्या," त्यांनी सांगितलं. "रागावल्या नाहीत. मी माफी मागू लागलो, तर पेजेचंच बोलत बसल्या."

मग त्यांनी खडू घेतला आणि बाईंचे शब्द होते तसेच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले: पावडर आंधी थंड्या पान्यात कालवजा, मंग पेजीत टाकजा. टोल्यावरच्या पोरायची हांडी येगळी ठेवजा.

सरकारी हुकूम गुरुजींनी पेटीत ठेवून दिला. फळ्याचा तो कोपरा मात्र मी चौथी पास होईपर्यंत कुणी पुसला नाही.