जाणाऱ्याला विचारायचं नाही

सोलापुरात त्या वर्षी प्लेग पुन्हा आला, तेव्हा मायाप्पा गिरणीच्या कचेरीत कारकून होता यावं म्हणून इंग्रजी शिकत होता. बाप मेंढरं राखता राखता मेला. हा गिरणीच्या सूतखात्यात मजुरीला आला. रविवारी दुपारी वीरभद्रप्पा मास्तर चाळीत येऊन त्याला व्याकरण सांगत. हेतुदर्शक क्रियाविशेषणापाशी मायाप्पा अडला.

"'ही वेंट' आहे ना? मग क्रियापदालाच विचार, कशासाठी गेला? उत्तर येईल, 'टु सी हिज ब्रदर'. भावाला भेटायला. झाला हेतू."

"पन मास्तर, निघालेल्या मानसाला कशाला इचारायचं? आमच्यात टोकत न्हाईत. टोकलं तर मानूस माघारी येत न्हाई."

"अरे मेंढक्या, वाक्यातला माणूस आहे तो! त्याला कसला अपशकुन? खुशाल विचार."

मायाप्पाची आई केराबाई दाराशी बसली होती. ती हसली नाही. सकाळपासून तिनं भाकरीला हात लावला नव्हता. शेजारच्या खोलीतल्या नवराबायकोला म्युनिसिपालटीच्या गाडीनं गावाबाहेरच्या प्लेगच्या छपरात नेलं होतं. दोघंही परतली नव्हती. मायाप्पाची मुलगी अजून पाळण्यात होती. आईचे डोळे लाल झालेले त्याला दिसले. उन्हानं असतील, असं त्यानं ठरवलं.

मास्तर गेल्यावर म्हातारी उठली. घोंगडं खांद्यावर टाकलं. पाळण्याकडे लांबूनच पाहिलं.

"पोरीला वाऱ्यात आनू नगा," म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर पडली.

कशासाठी? प्रश्न त्याच्या जिभेवर आला. पण आईला टोकायचं? तेही असल्या दिवसांत? बायकोनं, सोनाबाईनं तोंड उघडलं, तर त्यानं हात वर करून तिलाही गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी चुलता कोंडीबा गावाकडून, कुंभारीहून आला. घरात शिरला नाही.

"वयनी गेली रं. मेंढरांच्या रिकाम्या वाडग्यात पडून हुती. काखंत गाठ. मला जवळ येऊ दिना. म्हनली, घरात नात हाय, तिला लागू नये म्हनून आले. लांबनं पान्याचं गाडगं ठिवलं. सकाळी बघतो, तर गाडगं तसंच भरल्यालं."

"मी इचारलं असतं तर, काका?"

"खोटंच सांगितलं असतं तिनं." कोंडीबानं नाक पुसलं. "पर टोकल्यावर मानसाला घडीभर बसावं लागतंया की. बसली असती. तू बघितलं असतंस."

मायाप्पा पुढं कारकून झाला. इंग्रजी वाक्यातला हेतू त्याला झटकन सापडू लागला. पण घरातून निघणाऱ्या, दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो टोकू लागला. सोनाबाई घागर घेऊन निघाली, की हा विचारी, "कशाला?" ती उंबऱ्यावर बसे, उठे, पुन्हा निघे. तो पुन्हा विचारी. पाण्याचा नळ समोर दिसत असे, घागर दिसत असे, तरी विचारी. चाळीतली माणसं कामाला जाताना त्याच्या दाराला वळसा घालू लागली. शेवटी सोनाबाईही तो कचेरीत गेल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकीनाशी झाली.