तोफांना न भिणारे काका

आमच्या गावाला लागून लष्कराचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान आहे, आणि मैदानाच्या कुंपणासमोर तोफांना न भिणारे एक काका राहतात. राळेगावची बस पकडायला मी रोज त्यांच्या ओट्यावर बसतो. धडाका झाला की टिनांवरची धूळ खाली पडते; काका बोलता बोलता कपावर तळहात ठेवतात आणि वाक्य पुरं करतात.

"सराव हाय बे, सराव. काहून भेतं?"

त्यांच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली आहे. ती घुशीनं पाडली, असं त्यांचं संशोधन आहे. मैदानाची हद्द मागे सरकवा, या आमच्या अर्जावर त्यांनी सही केली नाही. मला देशद्रोही म्हटलं आणि वर चहा पाजला. मन मोठं.

गेल्या आठवड्यात त्यांची लेक माहेरी बाळंत झाली. पुन्हा गोळीबार होणार अशी दवंडी पिटली, तसे काका खांद्यावर पाळणा घेऊन आमच्या दारात उभे. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

"लेकरू दचकून राह्यलं रे. पोरीले अन् त्याले राहू दे इथं."

"काका, सरावच तर हाय."

"तुले काय समजते? कान लहान हायेत त्याचे!"

आईनं पाळणा आत घेतला. मी अर्ज पुढे केला. काकांनी तो हळूच बाजूला सारला.

"गावात मायं नाव हाय, भाऊ."

नाव शाबूत आहे. नातू आमच्या मधल्या खोलीत गाढ झोपला आहे. दुसऱ्या टोकाला ज्यांचं कोणी नाही, त्यांच्या लेकरांनी देशासाठी दचकत राहावं.