गार गाडीचे मिस्त्री

गाडीच्या बॉनेटवर पालथा हात ठेवल्याशिवाय मिस्त्री कुणालाही रामराम घालत नसत. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा हात ठेवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग मालकाकडं वळून म्हणायचं, "गरम गाडी खोटं बोलती, भाऊ. गार असताना दाखवा." उमरग्याकडं जाताना हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडसमोर उकिडवे बसलेले मिस्त्री तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. आता तिथं पंक्चरवाला बसतो.

माणूस मुलखाचा भित्रा. स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत ते कधी बसत नसत. कुणी घरापर्यंत सोडतो म्हटलं तर हात जोडून म्हणत, "आत काय काय हाय ते मला ठावं हाय." आणि आपल्या जुन्या मोपेडकडं वळत. हायवेवर तीही चालवत नसत. कडेच्या मुरमावरून ढकलत नेत. गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो.

दोन हिवाळ्यांपूर्वी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळाची वार खाली सरकली आहे, रक्त दिसलं तर घरात एक क्षण थांबू नका, असं उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नेमकं तेव्हाच गाडीनं अंग काढून घेतलं. सकाळी चालू व्हायची, जराशी थरथरायची आणि बंद पडायची. पुन्हा चालू, पुन्हा बंद. एकदा तापली की दिवसभर तक्रार नाही.

आमच्या गावातून उमरग्याला जायचं तर फाट्यावर हायवे ओलांडावा लागतो. एका तपासणीच्या सकाळी गाडी तिथंच, रस्त्याच्या मधोमध बंद पडली. भरलेला ट्रक हॉर्न देत, हेलकावा खात शेजारून गेला. लेक मागं बसली होती. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

त्यानंतर मी मनात सारखा हिशेब मांडत असे. घर ते फाटा, फाटा ते दवाखाना. सगळं बसायचं, गाडी टिकेल की नाही तेवढं बसायचं नाही. रुग्णवाहिका होती, पण ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असली तर? शेजाऱ्याची जीप होती, पण ती निम्मे दिवस सोलापुरात. मी फिरून गाडीवरच येऊन थांबायचो.

मिस्त्रींनी आधी प्लग बदलले. मग हवा घेणारं तोंड धुऊन साफ केलं. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्यासारखीच. "चुकलो," ते सरळ म्हणाले. "आता तिला हात लावू नका. सकाळी मीच दारात येतो."

ते उजाडताना आले, माकडटोपी घालून. बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "कुणी चालवली?" मी छातीठोकपणे सांगितलं, कुणी नाही. किल्ली फिरवली तर गाडी शहाण्यासारखी चालत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते गाडीकडं गेलेच नाहीत. ओसरीवर बसलेल्या आण्णांसमोर जाऊन उभे राहिले.

आण्णा म्हणजे माझे वडील. हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेली. इंजिन गरम केल्याशिवाय डेपोतून गाडी काढायची नाही, हा त्यांचा धर्म. त्या तीन दिवसांत ते अंधारातच उठत, गाडी बंद ठेवूनच उतारावरून ओढ्यापर्यंत सोडत, तिथं ती तापवून परत आणत. मला तो आवाज दुधाच्या टेंपोचा वाटे.

"आण्णा," मिस्त्री म्हणाले, "आजारी माणसाला डाक्टरकडं न्यायचं तर पावडर लावून न्हेता का?"

आण्णा भडकतील असं मला वाटलं. त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "गाडी बंद पडली की पोरगी खाटेवर उठून बसती. मला ते बघवत न्हाय."

मिस्त्री टोपी चाचपत राहिले. "एकच दिवस बसू द्या तिला उठून," ते म्हणाले. "भ्या मला बी वाटतंय."

दुसऱ्या सकाळी गाडी खरोखर गार होती. चालू झाली, थरथरली, बंद पडली. आत खाट करकरली. आण्णा भिंतीकडं तोंड करून उभे होते. मिस्त्रींनी एका लांब नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आण्णांना इंजिनवरून फिरवायला सांगितलं, आणि मला पुन्हा किल्ली मारायला लावली. मागच्या बाजूला एके ठिकाणी मिस्त्रींनी आण्णांचा हात थांबवला. तिथल्या हवेच्या रबरी नळीला खालच्या अंगानं चीर होती. रबर तापून फुगलं की चीर मिटायची. गारठ्यात उघडायची आणि इंजिन नको तेवढी हवा ओढायचं.

नळी बदलली. पण "झालं" असं काही त्यांनी म्हटलं नाही. गारठा आहे तोवर ते रोज सकाळी येऊन फाटकाशी उभे राहत, गाडी चालू झालेली ऐकत आणि चहा न घेता जात.

अशाच एका सकाळी लेकीनं आईला हाक मारली. रक्त दिसलं होतं. मी धावत जाऊन किल्ली फिरवली. मिस्त्री तेवढ्यात पोचलेले. मी काय ते सांगितलं. ते वाकून ऐकत राहिले. गाडी बंद पडायची ती वेळ आली आणि गेली. "आणा पोरीला," म्हणाले आणि मोपेड घेऊन निघून गेले. बायकोनं आणि आण्णांनी लेकीला मागं आडवं केलं.

लेक सुखरूप सुटली, नात आता अंगणभर पळते. मिस्त्री मागच्या उन्हाळ्यात वारले. मला ते आठवतात ते त्या सकाळचे, फाट्यावरचे.

मोपेड मुरमावर पडलेली होती. मिस्त्री हायवेच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते. समोर उसाचा ट्रक थांबलेला, ड्रायव्हर शिव्या देत होता, मागं हॉर्नचा कल्लोळ. मी गाडी पलीकडं काढली. आरशात पाहिलं तर ते अजून तसेच उभे होते. डोळे त्यांनी गच्च मिटून घेतले होते, आणि आम्ही गेलो हे त्यांना कळलंच नव्हतं.