सात गाठींचं निवळ पाणी

आमच्या सोसायटीच्या तळ्यातले मासे हवालदारमामांनी मारले नव्हते.

मी मारले.

चार वर्षं हे वाक्य गिळून बसलोय. आज सकाळी त्यांच्या गावाहून, मेढ्याहून फोन आला. मामा गेले.

विश्रामबागेत आमची सोसायटी आहे. मधोमध तळं, तळ्यात कारंजं, भोवती वॉकिंग ट्रॅक, दोन बाकडी आणि "मासे पकडू नयेत" असा बोर्ड. फ्लॅट विकले गेले ते या तळ्याच्या फोटोवर. फोटोत पाणी निळंशार होतं. प्रत्यक्षात कधीच नव्हतं.

ते तळं सांभाळायचे रामचंद्र शेलार. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, म्हणून सगळ्यांचे हवालदारमामा. पंपरूमशेजारच्या खोलीत राहायचे.

रोज सकाळी मामा इनॅमलची एक पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायचे. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी. थाळी दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या आणि पंपरूममधल्या कॅलेंडरवर लिहायचं. अडीच. तीन. पावसाळ्यात एक.

"तीन गाठी म्हंजे तळं ठणठणीत हाय," म्हणायचे. "लय हिरवंबी नको, लय निवळबी नको. माशानी खायाचं काय मग?"

आम्ही हसायचो. मी सेक्रेटरी होतो ना. माझ्याकडे लेटरहेड होतं.

त्या वर्षी वर्धापनदिनाला पेडल बोट सुरू करायचं ठरलं. पाहुणे येणार, ड्रोनने शूटिंग होणार. आणि नेमकं तेव्हाच तळ्यावर शेवाळाचा थर आला. चेअरमन म्हणाले, "फोटोत हे असं दिसणार?"

मी म्हणालो, "मोरचूद टाकू. दोन दिवसांत साफ."

आमचं घर तासगावकडचं, द्राक्षबागायतदाराचं. मोरचूद, म्हणजे बागेवर फवारायचं ते निळं कॉपर सल्फेट, बघतच मोठा झालोय. बागेत चालतं ते तळ्यात का चालणार नाही?

मामांनी अडवलं.

"साहेब, एकदम नगा टाकू. आज ह्यो कोपरा, पुढल्या आठवड्यात त्यो. सगळं शेवाळ एका टायमाला मेलं तर पाण्यात कुजंल. पाण्यातली हवा खाऊन टाकंल. मासं गुदमरत्याल."

"मामा, मोरचूद मला शिकवता?"

असं बोललो मी. वडिलांच्या वयाच्या माणसाला.

गुरुवारी मामा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. तेवढ्यात मी गाडीतून पोती आणली आणि वॉचमनला घेऊन सगळ्या तळ्यात एका दुपारी ओतली. मामा परत आले तेव्हा रिकामी पोती काठावर पडली होती. त्यांनी ती एकेक करून उचलली. पोत्यांच्या घड्या घालून ठेवल्या.

शनिवारी पाणी असं दिसायला लागलं की लोक सेल्फी काढायला उतरले. मामांनी थाळी सोडली.

सात गाठी.

"बघितलंत?" मी म्हणालो.

"दिसतंय निवळ," ते म्हणाले. "पर ढगाळ हाय साहेब. आज कारंजं बंद करू नगा. पाण्यात तेवढीच हवा जाईल."

कारंज्याभोवती डेकोरेशनवाल्याच्या लाइटच्या वायरी होत्या. मी कारंजं बंद करायला लावलं.

रविवारी उजाडलं तेव्हा तळ्यात पाणी कमी आणि पांढरी पोटं जास्त दिसत होती. लहान मुलं रडत होती. आमच्या सोसायटीत जैन कुटुंबं बरीच आहेत, त्यातल्या एका काकूंनी तर त्या दिवशी अन्न घेतलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न. कोणी केलं?

चेअरमनने मला बाजूला घेतलं. "पंपरूमची किल्ली कोणाकडे असते?"

पत्र मी टाइप केलं. "केअरटेकरने परवानगी न घेता औषध टाकले." खाली सहीला जागा सोडली.

मामा कमरेएवढ्या पाण्यात उतरून मासे काढत होते. तसेच ओल्या अंगाने आले.

"मामा, सही करा. आठ दिवस गावाकडं जाऊन या. इथलं शांत झालं की मी बोलावतो. शब्द देतो."

त्यांनी पत्र वाचलं. पूर्ण वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी म्हंताय तर करतो," म्हणाले.

आठ दिवसही झाले नव्हते. तळं सांभाळायला एजन्सी नेमली गेली. मी एका शब्दाने बोललो नाही. भेकड होतो, दुसरं काय?

मामांचा मधून मधून फोन यायचा. कामावर कधी येऊ, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. एवढंच विचारायचे, "साहेब, किती गाठी?"

मी सांगायचो, "तीन, मामा."

मामा सोसायटी सोडून गेल्यापासून थाळीला कोणी हात लावला नव्हता.

आज फोन त्यांच्या मुलाचा होता, किरणचा. तोही फौजेत आहे. रडत नव्हता. म्हणाला, "बाबांच्या हातनं ती चूक झाली, पर तुमी पोलीस केस होऊ दिली न्हाई. त्ये उपकार इसरणार न्हाई साहेब."

मामांनी घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

आणि मी? मी म्हणालो, "काळजी घे रे." आणि फोन ठेवला.

आजसुद्धा.

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडतायत. चेअरमनने "प्रामाणिक सेवक हरपला" लिहिलंय.

किरण, ही पोस्ट तुला टॅग केली आहे. तुझ्या बाबांच्या हातून काहीही चूक झाली नव्हती. ते पत्र खोटं आहे आणि ते मी लिहिलंय. गावात ज्याला दाखवायचं त्याला हे दाखव. मी मेढ्याला येतोय. दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव.

मामा, तुम्हाला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही.

पण मघाशी पंपरूम उघडून थाळी काढली, पुसली आणि पाण्यात सोडली.

एक गाठसुद्धा भरत नाही, मामा.

या वेळी खरं सांगतोय.