घरची चार मतं

तालुक्याच्या मतमोजणीच्या हॉलमध्ये मी आमच्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे बाकावर बसलो होतो. आमच्या गावचं यंत्र टेबलावर आलं, कर्मचाऱ्याने सील दाखवलं, बटण दाबलं आणि आकडे वाचले. आमचा उमेदवार दोनशे चार. समोरचा एकशे त्रेचाळीस. बाकीचे मिळून बारा.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, केंद्र क्रमांक परत बघा. हे आमचं यंत्र नाही."

त्यांनी क्रमांक वाचला. यंत्र आमचंच होतं. बेरीज तीनशे एकोणसाठ, आणि मतदानाच्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः लिहून घेतलेला आकडाही तीनशे एकोणसाठच. पुरुष एकशे अठ्ठ्याऐंशी, बायका एकशे एकाहत्तर. शेजारच्या बाकावर समोरच्या पक्षाचा माणूस होता. त्याला आमच्या गावात दहा मतांचीही आशा नव्हती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या गावात आमचं कोण हाय ओ? मला तरी सांगा."

मला भाऊसाहेब म्हणायचं कारण, मी मुरबाडच्या एका शाळेत कारकून होतो. गाव टोकावड्याहून आत, सिद्धगडच्या डोंगराकडे तोंड करून बसलेलं. गावात चौऱ्याहत्तर घरं, आणि ओढ्यापलीकडच्या पाड्यात एकोणीस. मत कुणाला द्यायचं हे आमच्याकडे घराघरात ठरत नसे. ते गावकी ठरवायची. प्रत्येक घरातून एक पुरुष गावदेवीच्या देवळात यायचा, चर्चा व्हायची, आणि ठरलं की देवीपुढे नारळ ठेवून घराघराने त्यावर हात ठेवायचा. एक हात म्हणजे एका घरची सगळी मतं. त्या वर्षी त्र्याण्णव हात पडले. पाड्याचेही. ओढ्यावर पूल बांधून देतो असा शब्द आमच्या उमेदवाराने दिला होता, आणि पुलाशिवाय मोटरसायकल गावात येत नव्हती.

ही पद्धत मला बरी वाटत असे, हे कबूल करतो. मी शिकलेला माणूस. मत वाया घालवू नका, एकेकट्याच्या मताला कोण विचारतो, सगळ्यांचं एकत्र पडलं तर साहेब स्वतः दारात येतो, असं मी लोकांना पंधरा वर्षं सांगत आलो होतो. नव्वदच्या दशकात मतपत्रिका कागदी होत्या. मोजणीला बऱ्याच गावांच्या पेट्या एका पिंपात ओतून कालवत, मग गठ्ठे बांधत. कुठल्या गावाने काय दिलं हे कुणाला कळत नसे. आम्ही सगळी दिली असं सांगायचं आणि पुढाऱ्याने मान डोलवायची. यंत्र आल्यावर गावाचा आकडा वेगळा कळणार, हे मला माहीत होतं. उलट त्याचा मला आनंदच झाला होता. आता आमची एकी कागदावर दिसेल, असं मी देवळात म्हणालो होतो.

आमचा उमेदवार निवडून आला. त्या मिरवणुकीत मी गेलो नाही. दुपारच्या एसटीने गावी आलो तोवर बातमी माझ्याआधी पोचली होती. देवळापाशी दहा-पंधराजण जमले होते. गावकीचे म्होरके म्हणजे माझे चुलते, गाव त्यांना तात्या म्हणे. ते म्हणाले, "एकशे पंचावन्न फुटली. पाड्यानं दगा दिला."

"कशावरून, काका?"

"आनखी कोन देनार? गावातला मानूस देवीच्या नारळावर हात ठेवून फिरल का रे? त्यांना बाहेर काढायचं. भांडी द्यायची नाय."

गावकीची भांडी म्हणजे मोठे टोप, काहिली, पराती, पाण्याचे पिंप. देवळामागच्या खोलीत असत. ती मिळाल्याशिवाय कुणाच्या दारी लग्नाचं जेवण होत नसे, आणि भांडी नाकारली की गावाने त्या घरी जेवायला जायचं नाही असाच त्याचा अर्थ. पाड्यातल्या एका म्हाताऱ्याच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. नवरा मुलगा शहापूरकडचा. वऱ्हाडापुढे गावातलं कुणी नाही हे दिसलं असतं तर ते लग्न उभं राहिलं असतं की नाही, सांगता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर काढायला नेमकी वेळ सापडली म्हणून दोघंतिघं खूशही दिसले.

तिसऱ्या प्रहरी गावकी बसायची ठरली. मी घरी गेलो आणि मतदार यादी काढली. मतदानाच्या दिवशी आलेल्या प्रत्येक नावावर मी खूण केली होती. पाड्यातले पुरुष चौतीस, बायका एकतीस, एकूण पासष्ट. पाड्याची सगळीच्या सगळी मतं फुटली असं धरलं, तरी नव्वद उरत होती. नव्वद मतं गावातली. मी तीनदा वजाबाकी केली.

बायको पडवीत करवंदं निवडत होती. मी तिला म्हणालो, "पाड्यातलं सगळं धरलं तरी नव्वद कमी पडतात. कळत नाही मला."

ती मान वर न करता म्हणाली, "त्यातलं एक माझं."

मला वाटलं ती थट्टा करते आहे.

"अवो, खरं सांगते. दुसरं आईंचं."

आमच्या घरी मतं चार. मी, धाकटा भाऊ, बायको आणि आई. धाकट्याच्या बायकोचं नाव अजून तिच्या माहेरच्या यादीत होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी स्वतः वहीच्या कागदावर यंत्र काढून, वरून कितवं बटण दाबायचं ते तिला शिकवलं होतं. तिने तेव्हा विचारलं होतं, "आनि तो दुसरा, त्याचा कुठला? चुकून बोट नको पडायला." मी तोही दाखवला होता. तीन वेळा घोकून घेतला होता.

आई आतून म्हणाली, "तू चांगला शिकवतोस रे. बरोबर दाबला मी."

मी खाली बसलो. विचारलं, "पण का?"

"विहिरीला कठडा कुणी बांधला?" बायको म्हणाली.

कठडा समोरच्या उमेदवाराने दोन वर्षांपूर्वी बांधून दिला होता, हे मला माहीत होतं. तो गावकीने मागितलेला नव्हता. धाकट्या भावाची बायको हंड्यासकट विहिरीत घसरली होती. वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर बायकांनीच टोकावड्याच्या बाजाराला जाताना त्या माणसाची जीप रस्त्यात थांबवली आणि सांगितलं. हे मला त्या दुपारी कळलं.

"मला का नाही सांगितलं?"

"जाऊबाय पडली तेव्हाच सांगितलेलं. तुमी म्हणालात, देवळात मोठा विषय आहे, पुलाचा. कठड्याचं नंतर काढू."

मी तसं म्हणालो असेन. मला आठवत नाही, म्हणजे म्हणालोच असेन.

"आणि याच्या आधीच्या निवडणुका?"

"मागच्या टायमाला तुमच्यासारखंच दिलं. त्याच्या आधीच्याला नाय. त्याच्याही आधी," ती म्हणाली, "बारक्याच्या वेळी दिवस गेलेले तेव्हा, कुणालाच नाय. दोघांवर शिक्का मारला."

पंधरा वर्षं मी आमच्या घरची मतं चार धरत होतो. शाळेत हजेरीपटावर एक खाडाखोड मी सहन करत नाही, आणि माझ्याच घरचा आकडा इतकी वर्षं चुकीचा होता. तिने मत दुसऱ्याला दिलं याचा मला राग आला नाही, असं म्हणणार नाही. पण रागापेक्षा मोठा होता तो धक्का. ही बाई रोज माझ्या समोर बसून जेवते आणि दर पाच वर्षांनी त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन स्वतःचा विचार करून येते, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

"गावात आणखी कुणी कुणी दिलं?"

"मला काय म्हाईत? कोन कुनाला सांगतंय?" ती म्हणाली. मग करवंदाची पाटी उचलून म्हणाली, "तुमी देवळात जा. पन त्या म्हाताऱ्याच्या पोरीचं लगीन मोडलं तर मी तुमच्याशी बोलनार नाय."

देवळात सगळे जमले होते. पाड्यातला म्हातारा खांबाला टेकून उभा होता. बसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी सुरुवात केली तेव्हा मी उठून यादीतला हिशोब वाचला. पासष्ट आणि नव्वद.

"ते आकडं तुझ्या हाफिसात ठेव," कुणीतरी म्हणालं. "नव्वद गावातली? कुनाची, नाव सांग."

"दोन माझ्या घरची," मी म्हणालो. "बाहेर काढायचं असेल तर पहिलं माझं घर काढा."

मग काका म्हणाले, "कुनी? धाकट्यानं?"

"मी आणि धाकट्याने ठरल्याप्रमाणेच दिलं."

त्यांना कळायला वेळ लागला. मी त्यांचा चेहरा बघत होतो, आणि माझा दुपारी पडवीत कसा झाला असेल ते मला तिथे दिसलं. त्यांच्या घरी सात मतं, त्यातली चार बायकांची. मागे बसलेल्या एकाने हसू आवरत म्हटलं, "तात्या, घरी जाऊन इचारून येता का?" कुणी हसलं नाही. जो तो आपलं घर मोजत होता. गावातल्या एकशे चाळीस बायकांनी मतदान केलं होतं. हा आकडाही माझ्याकडे होता, पण मी तो वाचला नाही. नव्वदमध्ये पुरुष नव्हतेच असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पुरावा नाही.

काका उठले, वहाणा घातल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेले. जाताना भांडीखोलीची किल्ली पायरीवर ठेवली. हळूहळू सगळेच उठले. घरी जाऊन कुणी काय विचारलं, ते मला कधीच कळलं नाही.

म्हातारा आणि मी दोघंच उरलो. मी खोली उघडली. मोठा टोप एकट्याला उचलत नाही, म्हणून एका कडीला मी हात घातला, दुसऱ्या कडीला त्याने. ओढ्याच्या दगडांवरून तोल सांभाळत जाताना मी त्याला विचारलं, "तुमच्या घरची मतं कुठे गेली, बाबा? तुम्हाला माहीत आहे?"

"माझं पुलाला," तो म्हणाला. "म्हातारीचं नाय म्हाईत."

"विचारलं नाही?"

"भाऊसाहेब, आठ दिसांनी दोनशे मानसांचा सैपाक तिला रांधायचा हाय," तो म्हणाला. "आता कुठं इचारू? जरा वर धरा, पानी शिरतंय."